मदत हवी आहे: मुंबई-फ्रँकफर्ट दिवसाचं विमान, खाली काय बघावं आणि कुठल्या बाजूला बसावं?

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आईला घेऊन फ्रँकफर्टला जातोय. मुद्दाम दिवसाचं विमान घेतलंय. रात्री जेवा, झोपा, उतरा, की अर्धा आशिया न बघताच मागे पडतो. आई निवृत्त भूगोल शिक्षिका. "सिनेमे घरी बघीन, मला खिडकी हवी आणि खाली काय आहे ते तू सांगायचंस," असा हुकूम आहे.

या वेळच्या विमानांचे मार्ग फ्लाइटरडारवर बघतोय. बहुतेक अरबी समुद्र, इराण, पूर्व तुर्कस्तान, काळा समुद्र, रोमानिया असा आहे. इराणची हवाई हद्द बंद झाली तर सगळंच बदलणार, ते गृहीत धरलंय.

सर्वांत उत्सुकता इराणची. झाग्रोस पर्वताच्या एकामागोमाग एक समांतर रांगा म्हणे वरून स्वच्छ दिसतात. बख्तियारी मेंढपाळ वसंतात खुझेस्तानच्या सखल भागातून कळप घेऊन त्याच डोंगरांत चढतात आणि थंडीच्या आधी परत उतरतात, आपल्या धनगरांच्या कोकणवारीसारखंच.

दुसरं म्हणजे कनात. डोंगरपायथ्याचं भूजल हलक्या उताराच्या बोगद्यातून गावापर्यंत आणायचं, आणि खोदाईसाठी व गाळ काढायला वर ठरावीक अंतरावर विहिरी. २०१६ साली अशा ११ कनाती युनेस्कोच्या यादीत आल्या. औरंगाबादची मलिक अंबरची नहर, म्हणजे तशीच जमिनीखालून पाणी आणणारी व्यवस्था, आईने पाहिलेली आहे, त्यामुळे हे तिला दाखवायचंच आहे. सॅटेलाइट नकाशावर वाळवंटात विहिरींच्या तोंडांची ठिपक्यांची रांग दिसते, पण विमानातून दिसते का? कोणी पाहिलीय?

शिवाय नेटशिवाय आपण कुठे आहोत ते कसं कळेल? समोरच्या स्क्रीनवरचा नकाशा अगदीच ढोबळ असतो.

प्रतिसाद १
उजवीकडे बसा, पंखाच्या पुढे किंवा बरंच मागे. जाताना दुपारचं ऊन डावीकडून येतं, काच नुसती चकाकते. ऑफलाइन नकाशे आधी उतरवून ठेवा. फ्लाइट मोडमध्येही जीपीएस चालतं, फक्त फोन काचेजवळ धरायचा. कनातीचं सांगता येणार नाही, मला तिथे नेहमी धूळच लागली.

प्रतिसाद २
व्हान सरोवर चुकवू नका! तुर्कस्तानातलं सर्वांत मोठं, पाणी खारं आणि सोड्याचं. त्यातल्या अख्तामार बेटावर दहाव्या शतकातलं आर्मेनियन चर्च आहे. इथला 'इंजी केफाली' मासा वसंतात अंडी घालायला नद्यांत प्रवाहाविरुद्ध उड्या मारत चढतो. विमानातून मासा दिसणार नाही, पण आईंना सांगायला बरं. त्याआधी इराणात उर्मिया सरोवर लागलं तर तेही बघा, आटून कडेला पांढरं मीठ उरलंय. मात्र ही दोन्ही कुठल्या बाजूला येतील ते त्या दिवशीच्या मार्गावर.

धागाकर्ता
दोघांचे आभार, उजवीकडची जागा घेतो. काळा समुद्र ओलांडल्यावर डॅन्यूबचा त्रिभुज प्रदेश दिसतो का, की मार्ग त्याच्या बराच दक्षिणेकडून जातो?