मदत हवी आहे: क्रॉलस्पेसमधली ओल आणि लोंबणारं इन्सुलेशन (रॅली, नॉर्थ कॅरोलायना)

प्रश्न
घराखाली 1500 चौ. फुटांचा क्रॉलस्पेस (जमीन आणि घराचा तळ यांच्यातली बुटकी पोकळी), चारी बाजूंना व्हेंट्स (हवेचे झरोके), जमिनीवर फाटकं प्लास्टिक. उन्हाळ्यात जॉइस्टचं (फ्लोअरखालच्या लाकडी तुळयांचं) मॉइश्चर मीटरवरचं रीडिंग 19 ते 22 टक्के येतंय. एसीच्या डक्टवरून पाणी ठिबकतं, फायबरग्लासचं इन्सुलेशन लोंबतंय, वरच्या हार्डवुडच्या फळ्यांच्या कडा उचलल्या आहेत. कंत्राटदार म्हणतोय, नवीन फायबरग्लास भरा आणि व्हेंट्सना पंखे लावा. करावं का?

प्रतिसाद १
पंखे अजिबात लावू नका. बाहेर 90 अंश फॅरनहाइट आणि 60 टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं) साधारण 74 अंश येतो. घराखालचं लाकूड 70च्या आसपास, डक्ट त्याहून गार. म्हणजे पंखा जितकी हवा आत ओढेल तितकं पाणी आत येणार. अशा दमट हवेच्या भागात उन्हाळ्यात व्हेंट्सनी क्रॉलस्पेस वाळत नाही, उलट भिजतो. भिजलेलं फायबरग्लास जड होऊन खाली येतं. मूळ कारण तसंच ठेवून नवीन भरलंत तर तेही लोंबेल.

प्रतिसाद २
सहमत. व्हेंट्स बंद करून क्रॉलस्पेस सील करा. पण आधी बाहेरचं पाणी तोडा, नाहीतर बंद क्रॉलस्पेसमध्ये डबकं साचेल. पायापासून पहिल्या 10 फुटांत जमिनीला 6 इंच उतार हवा, छताच्या पन्हाळीचे पाइप लांब न्या. ड्रायरचा व्हेंट आणि एसीच्या कंडेन्सेटची (गळणाऱ्या पाण्याची) नळी खालीच सुटलेली नाही ना, तेही बघा. हे फार घरांत सापडतं.

मग प्लास्टिक. बांधकामाच्या कोडप्रमाणे किमान 6 मिल (1 मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), पण वर वावर असेल तर 12 मिलच्या पुढचं, जाळीचं घ्या. जोडावर किमान 6 इंच एकावर एक, वर टेप. भिंतीवर चढवून पक्कं करा. भिंतीच्या माथ्याशी 3 इंच पट्टी उघडी सोडा, वाळवीचा माग तिथेच दिसतो. भिंतीला 2 इंच फोम बोर्ड लावायचा असेल तर तिथेही हीच पट्टी सोडा. व्हेंट्स सील केल्यावर जॉइस्टमधलं फायबरग्लास काढून टाका.

नुसतं बंद करून मात्र भागत नाही, हवा कोरडी ठेवावी लागते. एसीची हवा सोडायची तर दर 50 चौ. फुटांना 1 सीएफएम (मिनिटाला 1 घनफूट हवा), म्हणजे तुम्हाला 30. नाहीतर डेह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषणारं यंत्र): दर 1000 चौ. फुटांना दिवसाला 70 पिंट (1 पिंट म्हणजे सुमारे अर्धा लिटर) पाणी काढणारा, तुमच्यासाठी 105.

प्रश्नकर्ता
धन्यवाद! खाली गॅसचा वॉटर हीटर आहे. चालेल? आणि फ्लोअर आत्ताच सँड करून घेऊ का?

प्रतिसाद १
हीटर खालचीच हवा जळणासाठी घेत असेल तर क्रॉलस्पेस बंद करू नका! धूर उलटा फिरून कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो. आधी सील्ड कंबश्चनचा (जळणाची हवा नळीने बाहेरून घेणारा) किंवा इलेक्ट्रिक हीटर बसवा, क्रॉलस्पेस सील करणं त्यानंतर. रेडॉनची (जमिनीतून येणाऱ्या किरणोत्सारी वायूची) चाचणीही याच टप्प्यावर करून घ्या.

फ्लोअरला आत्ता हात लावू नका. ओल्या फळ्यांच्या उचललेल्या कडा घासल्या, तर वाळल्यावर मधला भाग वर येतो. हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजणारा) 60 टक्क्यांच्या खाली टिकू द्या, जॉइस्टचं रीडिंग 15 टक्क्यांच्या खाली येऊ द्या आणि फळ्यांची रीडिंग्ज काही आठवडे सलग स्थिर दिसू द्या. बऱ्याच फळ्या आपोआप सपाट होतात. उरतील तेवढ्याच सँड करा.