मदत हवी आहे: तीन डॉक्टर, तीन मतं, ट्यूमर बोर्डासमोर (वेगवेगळ्या कॅन्सर तज्ज्ञांची एकत्र मीटिंग) केस कशी न्यायची?

बाबा 68 वर्षांचे, लघवीतून रक्त जात होतं म्हणून दुर्बिणीतून गाठ काढली, बायोप्सीत मूत्राशयाच्या स्नायूपर्यंत कॅन्सर गेलाय असं आलं. सीटीत बाहेर पसरलेला दिसत नाही. युरोलॉजिस्ट म्हणतात सरळ लघवीची पिशवी काढू, मेडिकल ऑन्कोलॉजिस्ट म्हणतात आधी सिस्प्लॅटिनची केमो मग ऑपरेशन, रेडिएशनवाले म्हणतात केमो-रेडिएशनने पिशवी वाचवता येईल. तिघंही मनापासून सांगतायत पण एकमेकांशी बोललेलेच नाहीत, मीच फाईल घेऊन या केबिनमधून त्या केबिनमध्ये. परवा कळलं की उजव्या किडनीला सूज आहे हे रेडिएशनच्या डॉक्टरांनी पाहिलंच नव्हतं, सीटी रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर होतं! जीएफआर (किडनी किती काम करते त्याचा आकडा) 52 आहे, कमीच, म्हणजे सिस्प्लॅटिन झेपेल का तोही प्रश्नच.

ट्यूमर बोर्डाबद्दल विचारलं तर इथे तशी मीटिंग होत नाही म्हणाले. बायोप्सीच्या स्लाइड, ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे), सीटीची सीडी सगळं हातात आहे. फार आठवडे थांबायचं नाहीये. कुठली ट्रीटमेंट घ्यावी हे विचारत नाहीये, ते डॉक्टरच ठरवतील.

कुणी दुसऱ्या हॉस्पिटलच्या ट्यूमर बोर्डासमोर केस ठेवली आहे का? आपल्या डॉक्टरांचं पत्र लागतं का, पेशंटला न्यावं लागतं का, आणि स्लाइड ते परत तपासतात का?