उतारवयात काळजीसकट राहायची जागा कशी निवडली? अनुभव लिहा

आमच्याकडे सध्या रोज रात्री जेवणानंतर हाच विषय असतो. मी आणि नवरा दोघंही सत्तरीला टेकलोय, तब्येती बऱ्या आहेत, मुलं आपापल्या व्यापात. आत्ता स्वतंत्र फ्लॅटमध्ये राहता येईल, पुढे आधार लागला की त्याच आवारात असिस्टेड लिव्हिंग, आणि अंथरूण धरलं तर तिथेच नर्सिंग, अशा कंटिन्युइंग केअरच्या जागा बघतोय. माहितीपत्रकं सगळी एका छापाची, हिरवळ आणि हसणारे आजी-आजोबा. म्हणून म्हटलं ज्यांनी स्वतःसाठी किंवा आईवडिलांसाठी निवड केलीय, किंवा सगळं बघून नको म्हटलंय, त्यांना विचारावं. जागेचं नाव आणि भाव नका लिहू, काय बघितलंत, काय विचारलंत आणि राहायला गेल्यावर काय कळलं ते लिहा. मुलांनी आईवडिलांना असं ठेवावं का, ही चर्चा मात्र इथे नको, तिचा चोथा झालाय.

*

मी लिहिते आधी. आईबाबांसाठी आम्ही बहिणींनी जागा बघितल्या. ताई, एकच सांगते, नमुन्याचा फ्लॅट सगळ्यात शेवटी बघा, आधी नर्सिंगचा मजला दाखवा म्हणा. फ्लॅट चांगलेच असतात हो, विकायचे असतात ना. एका ठिकाणी नर्सिंगचं नाव काढल्यावर "तिकडे सध्या काम चालू आहे" असं उत्तर मिळालं, आम्ही चहा पिऊन निघालो. दुसरीकडे नेलं, मजला चकचकीत, वास वगैरे काही नाही, पण भर दुपारी सगळी मंडळी व्हीलचेअरमध्ये टीव्हीसमोर ओळीने बसवलेली आणि टीव्हीचा आवाज बंद. पाण्याचे ग्लास भरलेले होते, फक्त कुणाचा हात पोचणार नाही अशा टेबलावर. बाबांनी ते बरोबर हेरलं.

आणि जिथे शेवटी घेतलं तिथे एक मुलगी एका आजींची नखं कापत बसली होती. मॅनेजर आम्हाला घेऊन आत आले तरी ती उठली नाही, "दोन राहिलीयत, झालंच" म्हणाली आणि आजींशी परत बोलायला लागली. मॅनेजरही तिला काही बोलले नाहीत, गप्प उभे राहिले. बाबा तिथेच मला म्हणाले, इथलं बघूया पुढे. फ्लॅट त्या मानाने लहान आहे, स्वयंपाकघर तर नावालाच, पण आईची त्याबद्दल एकदाही तक्रार आली नाही.

*

पैशांचं मी लिहितो, आयुष्यभर हिशेबाचंच काम केलंय. या करारांचे ढोबळमानाने तीन प्रकार असतात आणि विकणारा माणूस तुम्हाला त्याच्याकडचा एकच सांगतो. पहिल्यात सुरुवातीची रक्कम जबरदस्त असते पण पुढे तुम्ही फ्लॅटमधून नर्सिंगला गेलात तरी महिन्याचा आकडा जवळजवळ तोच राहतो, म्हणजे एका अर्थी तुम्ही पुढच्या आजारपणाचा विमा आधीच भरून टाकलेला असतो. दुसऱ्यात काही ठरावीक दिवसांची काळजी धरलेली असते आणि ते दिवस संपले की वरचे पैसे. तिसऱ्यात सुरुवातीला कमी, पण काळजी लागली की त्या वेळचा बाजारभाव, आणि नेमकी तेव्हाच आपली शिल्लक कमी झालेली असते. तिसरा वाईट असं मी म्हणत नाही, घराण्यात पटकन जाण्याची रीत असेल तर तोच परवडतो (हे बायकोला आवडलं नाही), पण आपण कशावर सही करतोय ते कळलं पाहिजे.

मग रिफंड. "नव्वद टक्के परत" हे ठळक अक्षरात असतं आणि कधी परत ते बारीक अक्षरात. बऱ्याच करारात तुमची जागा पुढच्या माणसाला विकली गेली की मगच पैसे मिळतात, मधे किती काळ जाईल याची हमी नाही. त्याला वरची मुदत लिहून घ्या. दुसरा प्रकार घटत्या रिफंडचा, समजा दर महिन्याला २ टक्के कापले तर ५० महिन्यांत शून्य. महिन्याच्या शुल्कातली वाढ हा तिसरा मुद्दा, दरवर्षी ६ टक्के वाढ म्हणजे साधारण १२ वर्षांत दुप्पट, आणि आज पासष्टीला आत गेलात तर १२ वर्षं म्हणजे काही फार नाहीत. मागच्या पाच वर्षांत प्रत्यक्षात किती वाढवलं ते लेखी मागा.

आणि हो, संस्थेचा ताळेबंद. लोकांना संकोच वाटतो मागायला. अहो, तुम्ही घर विकून पैसे देताय! किती फ्लॅट भरलेत, बांधकामाचं कर्ज किती उरलंय, आणि नव्याने येणाऱ्यांच्या ठेवीतून जुन्यांचे रिफंड दिले जातायत का, हे बघाच. संस्था बुडाली तर तारण असलेली बँक रांगेत पुढे असते, आपण मागे.

*

वरच्या काकांनी पैशांचं छान लिहिलंय, मी दोघांपैकी एकाचं बिघडतं तेव्हाचं लिहितो. आम्ही दोघं धडधाकट असताना गेलो. नंतर बायकोला विस्मरण सुरू झालं, आधी गोष्टी हरवायच्या, मग एकदा गॅस तसाच चालू, मग रात्री दार उघडून बाहेर. आता ती मेमरी केअरमध्ये आणि मी फ्लॅटमध्ये, मधे एक बाग आणि एक लिफ्ट. वेगळ्या गावातल्या केअर होममध्ये ठेवावं लागलं असतं तर आठवड्यातून एकदा गेलो असतो, इथे चपला घालून निघालो की पोचलो. या एका कारणासाठी मी ही जागा परत निवडेन.

पण विचारून ठेवा की एक जण वर गेला (म्हणजे वरच्या मजल्यावर हो) तर महिन्याचं शुल्क दोघांचं कसं लागतं. आमच्या करारात ते स्पष्ट होतं म्हणून निभावलं, शेजारच्यांना मात्र फ्लॅट आणि मेमरी केअर असं दोन्हीचं पूर्ण भरावं लागतंय. दुसरं म्हणजे त्या मजल्यावर संध्याकाळी जाऊन बघा. डिमेन्शियाच्या पुष्कळ माणसांची दिवेलागणीला घालमेल वाढते, सकाळी सगळं शांतच असतं. आमच्या इथे त्या वेळेला दिवे लवकर लावतात, टीव्हीवरच्या बातम्या बंद करतात आणि घड्या घालायला टॉवेलचा ढीग देतात. हिच्या घड्या अजून माझ्यापेक्षा सरळ असतात. घड्या झाल्या की ती मुलगी ढीग आत नेते, विस्कटते आणि परत आणून देते, हिला ते कळत नाही आणि मला सुरुवातीला फार लागायचं, आता नाही लागत.

*

मी नर्स आहे, अशाच ठिकाणी काम केलंय, त्यामुळे आतल्या बाजूने लिहिते. तुम्हाला फ्लॅटमधून असिस्टेडला हलवायचं हे बहुतेक ठिकाणी एका यादीवरून ठरतं. आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, उठबस म्हणजे पलंगावरून खुर्चीत येणं, लघवी-शौचावर ताबा, आणि स्वतःच्या हाताने खाणं. ही सहा कामांची यादी कॅट्झ नावाच्या डॉक्टरांनी १९६३ मध्ये मांडली आणि अजून चालते. साधारणपणे आंघोळ आधी सुटते आणि खाणं सगळ्यात शेवटी. तर विचारायचं हे की यातली किती कामं सुटली की हलवणार, तपासणार कोण, आणि आमच्या डॉक्टरांचं मत वेगळं पडलं तर काय. करारात "व्यवस्थापनाचा निर्णय अंतिम" एवढंच असेल तर दहा वेळा विचार करा. आजारपणानंतर माणूस सुधारला तर फ्लॅटमध्ये परत येता येतं का, की फ्लॅट लगेच दुसऱ्याला देऊन टाकतात, हेही विचारा, हे कुणी विचारत नाही.

उठून ३ मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं अशी एक चाचणी असते. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. प्रवेशाच्या वेळी ही घेतली तर घाबरू नका, नाही घेतली तर मला उलट काळजी वाटेल. पासष्टीच्या पुढच्यांपैकी दर वर्षी २८ ते ३५ टक्के लोक पडतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्यामुळे बाथरूममधला बार भिंतीत पक्का आहे की नुसता चिकटवलाय ते हाताने ओढून बघा. खरंच ओढा.

आणि रात्रीचा स्टाफ. दिवसा भेट दिली की सगळे गणवेशात हजर. रात्री दोन वाजता नर्सिंगच्या मजल्यावर किती माणसं जागी असतात हे विचारा, त्यातली नर्स किती आणि अटेंडंट किती हे वेगळं विचारा. स्वतःहून कूस बदलता येत नाही त्यांना ठरावीक वेळाने वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात, आणि त्या बहुतेक रात्रीच्या ढिलाईच्या असतात. माणसं सारखी बदलत असतील तर तेही बघा. तीन अटेंडंटना सहज विचारा, किती वर्षं झाली इथे? तिघीही "नवीनच आहे" म्हणाल्या तर समजून घ्या.

*

मी बघून नको म्हटलंय, तेही लिहा म्हणालात म्हणून. माझ्या आत्याला घेऊन गेलो होतो, ती एकटी, नव्वदीकडे झुकलेली. जागा उत्तम होती, पण प्रवेशाच्या तपासणीत त्यांनी तिला फ्लॅट नाकारला आणि थेट असिस्टेडची खोली देऊ केली, कारण ती वॉकर वापरते. म्हणजे ज्यांना गरज नाही त्यांना घेणार आणि ज्यांना गरज आहे त्यांना वरच्या दराने. त्यांच्या हिशेबाने ते बरोबर असेल, मला पटलं नाही. आत्याला त्याहून नाही पटलं, तिला माझ्या कुंड्या कुठे ठेवू याचंच उत्तर हवं होतं. आता घरीच दिवसपाळी-रातपाळीच्या बायका लावल्यात. कटकट आहे, सुट्ट्या, खाडे, रोजचा फोन, पण आत्या खूश आहे. किती दिवस जमेल माहीत नाही.

*

दादा, तपासणीचं म्हणताय तेच माझं लवकर जायचं कारण. मी अविवाहित, निवृत्त झाल्यावर लगेच गेले, सगळ्यांनी वेड्यात काढलं. पण तब्येत चांगली असतानाच दार उघडं असतं, आणि दुसरं म्हणजे ओळखी करायला अंगात जोर लागतो. ऐंशीला आलेली माणसं खोलीतच बसतात, मी बघते ना. आधी पाहुणी म्हणून राहून घ्या, बहुतेक ठिकाणी तशी सोय असते. जेवायला मुद्दाम अनोळखी टेबलावर बसा आणि तक्रार कशाची आहे ते विचारा. तक्रारी असणारच, जेवण मिळमिळीत, लिफ्ट बंद, त्यात काही नाही. तक्रार केल्यावर काय झालं ते ऐका. आमच्याकडे रहिवाशांची समिती आहे आणि तिच्यातली भांडणं सोसायटीला लाजवतील, पण शुल्कवाढीचे कागद त्यांनीच मागून घेतले.

न आवडणारं पण सांगते. सगळे एकाच वयाचे. लहान मूल सुट्टीत दिसलं तरच. आणि नोटीस बोर्डावर फोटो लागत राहतात, कालपरवा पत्ते खेळलेला माणूस असतो. ज्यांना याचा फार त्रास होईल त्यांनी आधीच ओळखावं.

*

छोटासा मुद्दा. हॉस्पिटलात भरती झालात तर त्या काळात नर्सिंगची खोली राखून ठेवतात का, किती दिवस आणि कोणत्या दराने? माझ्या सासूबाई परत आल्या तर त्यांच्या पलंगावर दुसऱ्याच बाई. करारात तसं होतं म्हणे.

*

सगळ्यांचे आभार, एवढं येईल वाटलं नव्हतं. कराराचा नमुना आम्ही मागवलाय, "बुकिंग केल्यावर देऊ" म्हणाले, तेव्हा ती जागा यादीतून काढली. काकांना एक विचारायचंय, नवऱ्याची बायपास झालेली आहे. तपासणीत मी पास झाले आणि तो नाही, तर?

*

काही ठिकाणी दोघांना घेतात पण ज्याला जुना आजार आहे त्याच्या त्या आजाराची काळजी करारातून वगळतात, म्हणजे एकाच घरात एकाचा पहिल्या प्रकारचा करार आणि दुसऱ्याचा तिसऱ्या. ते लेखी घ्या आणि "हृदयविकार व तत्संबंधी" असले ढगळ शब्द असतील तर नेमके आजार लिहून मागा, नाहीतर उद्या पडून हाड मोडलं तरी चक्कर हृदयामुळे आली म्हणतील. बायपास कधी झाली? जुनी असेल आणि रिपोर्ट चांगले असतील तर आधी तुमच्या डॉक्टरांचं पत्र घेऊन जा, मग तपासणीला बसा.