जेनेव्हीव न्नाजींवर वीस मिनिटं बोलायचंय: काय घेऊ, काय सोडू?

अनगोळची_वाचक
नमस्कार मंडळी. वाचनालयाच्या बैठकीत नायजेरियाच्या अभिनेत्री आणि दिग्दर्शिका जेनेव्हीव न्नाजी यांची वीस मिनिटांत ओळख करून द्यायची आहे. नंतर त्यांचा ‘लायनहार्ट’ दाखवायचा विचार आहे. जन्म 1979, पहिला चित्रपट 1998, दिग्दर्शन 2018 एवढं टिपून ठेवलंय. मधली वीस वर्षं कशी मांडू? ऑस्करच्या वेळी नेमकं काय झालं? आणि घरच्या नेटफ्लिक्सवरून सभागृहात दाखवलं तर चालतंय काय?

खानापूर_टॉकीज
ताई, आधी बाजार सांगा, मग बाई. बाजार कळला नाही तर त्यांचं कर्तृत्वच कळणार नाही.

नॉलीवूड, म्हणजे नायजेरियाचा चित्रपटधंदा, स्टुडिओतून उभं राहिलं नाही, ते कॅसेटच्या दुकानांतून वाढलं. 1992 च्या ‘लिव्हिंग इन बॉन्डेज’ या इग्बो भाषेतल्या व्हिडिओपटानं धंद्याला वेग आला. थिएटर नाही, थेट व्हीएचएस कॅसेटींची विक्री. लागोसचे इदुमोता आणि अलाबा बाजार, पूर्वेकडचं ओनित्शा ही त्याची मोठी ठाणी. तिथला व्यापारी म्हणजे ‘मार्केटर’. पैसे तोच घालणार, नटही तोच ठरवणार, कॅसेटी (पुढं व्हीसीडी) काढून विकणारही तोच. आपल्याकडं उचल देणारा व्यापारी मालाच्या अटी कशा घालतो, तो दाखला द्या. निपाणी-चिकोडीच्या माणसाला लगेच उमगेल. नकली प्रती यायच्या आत पैसे वसूल करायचे, म्हणून चित्रीकरण झटपट आणि वेष्टनावरच्या चेहऱ्याला सगळी किंमत.

तो चेहरा म्हणजे न्नाजी. मूळ गाव इमो राज्यातलं एम्बाइसे, वाढल्या लागोसमध्ये. आठव्या वर्षी ‘रिपल्स’ मालिकेत काम, 1998 ला ‘मोस्ट वाँटेड’. नंतर चित्रपटांची रीघ. त्यांची यादी वाचू नका, वेळ जातो आणि डोक्यात काही राहत नाही.

थांबायचं ते 2004 वर. मानधन फार मागतात म्हणून मार्केटरांनी न्नाजी, ओमोटोला जलाडे, रॅमसी नोआ अशा आघाडीच्या नटांना काम देणंच बंद केलं. म्हणजे ज्या चेहऱ्यावर माल खपत होता, त्यालाच दाराबाहेर ठेवलं. त्याच वर्षी न्नाजींनी गाण्यांचा अल्बम काढला आणि लक्स साबणाच्या जाहिरातीत आल्या. 2005 ला आफ्रिका मूव्ही अकॅडमी पुरस्कार सुरू झाले, तेव्हा प्रमुख भूमिकेसाठीचा अभिनेत्रीचा पहिला मान त्यांनाच मिळाला. 2010 चा ‘इजे’ थिएटरात लागला. 2011 ला राष्ट्रीय सन्मान. 2015 ला ‘रोड टू यस्टरडे’ची निर्मिती केली, आणि इथं पैशाचा निर्णय पहिल्यांदा त्यांच्या हातात आला. माझ्या मते हेच भाषणाचं मर्म.

बाजाराला पाच मिनिटं, बंदीपर्यंत सात, उरलेली आठ निर्मिती आणि ‘लायनहार्ट’ला.

निपाणी_उपशीर्षक
‘लायनहार्ट’च्या ऑस्करबद्दल एक चूक हमखास होते: ‘नामांकन मिळालं’ म्हणतात. मिळालं नाही. नायजेरियानं अधिकृत प्रवेशिका पाठवली, देशाची ती पहिलीच, आणि नोव्हेंबर 2019 मध्ये ती अपात्र ठरली. दुसरी चूक, ‘नेटफ्लिक्सनं बनवला’. तेही नाही, चित्रपट तयार झाल्यावर 2018 ला टोरांटो महोत्सवाच्या वेळी नेटफ्लिक्सनं हक्क घेतले.

अपात्र का? त्याच वर्षी विभागाचं नाव ‘परभाषा’वरून ‘आंतरराष्ट्रीय’ झालं, पण संवाद प्रामुख्यानं इंग्रजीखेरीज भाषेत हवेत ही अट तशीच राहिली. सुमारे 95 मिनिटांच्या चित्रपटात इग्बो संवाद जेमतेम 11 मिनिटांचे. न्नाजींचं म्हणणं असं, की नायजेरियात पाचशेहून जास्त भाषा, त्यांना जोडणारी इंग्रजी. आम्ही बोलतो तसंच दाखवलं. अमेरिकन दिग्दर्शिका एव्हा डुव्हर्ने यांनीही जाहीर आक्षेप घेतला. मला हा निर्णय अन्यायाचाच वाटतो. इंग्रजी त्यांच्या देशाची राजभाषा आहे, ती त्यांनी निवडून आणलेली नाही.

बेळगावात हा भाग नीट पोचेल. चित्रपटात एनुगूचं इग्बो कुटुंब, त्यांची बस कंपनी कर्जात, आणि तोडगा उत्तरेच्या कानो शहरातल्या हौसा भाषा बोलणाऱ्या व्यापाऱ्याकडं. घरात एक भाषा, बाजारात दुसरी, कागदावर तिसरी. आपल्या श्रोत्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

शहापूर_पेठ
दाखवण्याबद्दल: नको. नेटफ्लिक्सचं खातं वैयक्तिक, घरगुती वापरापुरतं असतंय. शैक्षणिक प्रदर्शनाची मुभा ते काही निवडक माहितीपटांनाच देतात, आणि हा कथापट आहे. तिकीट नाही म्हणून नियम बदलत नाही. आठवडाभर आधी कळवा, ज्यांच्याकडं सोय आहे ते घरी बघून येतील, बैठकीत फक्त चर्चा ठेवा. नावाचा उच्चारही सांभाळा: सुरुवातीचा ‘न्’ सुटा, मग ‘नाजी’.

अनगोळची_वाचक
आभार सगळ्यांचे, दाखवणं रद्द केलं. आणखी एक. आमच्यातली दोन पोरं मराठी-कन्नड मिसळून पूर्ण लांबीचा चित्रपट लिहितायत. त्यांनाही हीच अडचण येईल काय?

निपाणी_उपशीर्षक
त्या अटीत मराठी आणि कन्नड दोन्ही इंग्रजीबाहेरच्या, त्यामुळं मिसळ कितीही चालते. मोजायची ती इंग्रजी. मोजणी पटकथेवरून करू नका. सेटवर नट वाक्यं बदलतात आणि संकलनात प्रसंग जातात. अंतिम प्रतीची उपशीर्षकांची फाईल घ्या. प्रत्येक ओळीला सुरुवातीची आणि शेवटची वेळ असते. ती तक्त्यात टाका, शेजारी भाषेचा रकाना करा आणि भाषेनुसार सेकंद जोडा. गाणी वेगळी ठेवा. मिश्र वाक्य क्रियापदाच्या भाषेत धरा: ‘लोन सँक्शन झालं की’ हे मराठीच. बँक, कोर्ट, कॉलेजचे प्रसंग आधी तपासा, इंग्रजी तिथंच वाढते.

आणि पोरांना सांगा, आकडा बघून बोली बदलू नका. खानापूरची आजी जशी बोलते तशीच बोलू दे.