टीकिंटर: मेनूतला पर्याय फिका दिसतो, तरी कंट्रोल-पी दाबलं की चालतोच

नमस्कार मंडळी,

गावातल्या वाचनालयासाठी पायथन-टीकिंटरमध्ये (पायथनची खिडक्या-मेनू बनवायची लायब्ररी) देवघेवीचा छोटा प्रोग्रॅम लिहितेय, विंडोजवर. 'व्यवहार' मेनूत ओळीने तीन पर्याय आहेत: पुस्तक द्या, पुस्तक परत घ्या, पावती छापा. लिस्टबॉक्समध्ये, म्हणजे यादीच्या चौकटीत, सभासद निवडलेला नसेल तर 'पावती छापा' बंद राहावा, एवढंच हवंय.

शून्यापासून मोजून एंट्रीकॉन्फिगला (मेनूतला पर्याय बदलणारं फंक्शन) २ क्रमांक आणि डिसेबल्ड स्टेट दिली, तर फिका झाला 'पुस्तक परत घ्या'! ३ दिल्यावर जमलं, पण का जमलं ते कळेना. त्यात पर्याय फिका असतानाही कंट्रोल-पी दाबलं की बिननावाची पावती छापली जाते. अ‍ॅक्सिलरेटर काढून पाहिला, फरक शून्य.

आणि आमचे ग्रंथपाल काका म्हणतात, बंद पर्याय दाखवायचाच कशाला, काढून टाक. ऐकू का त्यांचं?

— शाईदौत

मेनू उघडल्यावर सगळ्यात वर तुटक रेघ दिसते ना? ती टेअरऑफ. तिच्यावर क्लिक केलं की मेनू सुटा होऊन वेगळ्या खिडकीत येतो. कोणी वापरतं की नाही देव जाणे, पण मेनू बनवताना टेअरऑफ ० दिलं नाही तर ती येतेच आणि ० क्रमांक अडवून बसते. सेपरेटरही मोजणीत धरला जातो. क्रमांकाऐवजी 'पावती छापा' हे लेबलही देता येतं. वाचायला सोपं, पण पुढे लेबल बदललंत की एरर.

अ‍ॅक्सिलरेटर म्हणजे मेनूच्या उजव्या कडेला दिसणारा नुसता मजकूर. दाबलेली कळ पकडून फंक्शन चालवतं ते तुमचं बाइंड, आणि ते थेट छपाईच्या फंक्शनला जोडलेलं असणार. मेनूत काय फिकं आहे याचा त्याला पत्ता नसतो. क्यूटी या टीकिंटरसारख्या दुसऱ्या लायब्ररीत एका कृतीसाठीची क्यूअ‍ॅक्शन बंद केली की मेनू, टूलबार, शॉर्टकट सगळं एकदम बंद होतं. इथे ती जोडणी आपणच करायची. बाइंडमधून मेनूचं इन्व्होक (पर्यायावर क्लिक केल्यासारखं तो चालवणारं फंक्शन) त्या पर्यायावर बोलवा. पर्याय डिसेबल्ड असेल तर इन्व्होक काहीच करत नाही.

— अर्धविराम

टेअरऑफच होतं, धन्यवाद! इन्व्होकही लावलं. पण आता उलटंच झालंय: सभासद निवडून लगेच कंट्रोल-पी दाबलं तर पावती येत नाही. मेनू एकदा उघडून मिटला की येते. स्टेट पोस्टकमांडमध्ये ठरवतेय.

— शाईदौत

तिथेच मेख आहे. पोस्टकमांड मेनू उघडताना चालतं. तोवर इन्व्होकला जुनीच स्टेट दिसते. स्टेट ठरवणारं एकच फंक्शन ठेवा आणि ते वापरणाऱ्याने यादीतली निवड बदलली की येणाऱ्या लिस्टबॉक्ससिलेक्ट इव्हेंटला बांधा. प्रोग्रॅम सुरू होताना एकदा बोलवा, आणि कोडमधून निवड बदलाल तिथेही, कारण तेव्हा हा इव्हेंट येत नाही. लिस्टबॉक्सला एक्स्पोर्टसिलेक्शन फॉल्स द्या, नाहीतर शोधाच्या चौकटीत कोणी मजकूर सिलेक्ट केला की सभासदाची निवड उडेल आणि पर्याय पुन्हा फिका.

काकांचं मात्र ऐकू नका. पर्याय गायब झाला की खालचे वर सरकतात आणि सवयीने भलत्यावरच क्लिक होतं. शिवाय नवा माणूस पावती कुठे छापायची ते शोधत बसतो. फिका पर्याय दिसला तर निदान सोय आहे एवढं तरी कळतं. का बंद आहे ते खालच्या स्टेटसपट्टीत लिहा: 'आधी सभासद निवडा'.

— खिडकीवाला