मरेक्स की ल्युकोसिस? १४ आठवड्यांच्या तलंगांबाबत मदत हवी आहे

नमस्कार. संगमनेर तालुक्यात माझ्याकडे अंड्यांसाठी वाढवलेल्या ६०० सुधारित गावरान तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या) असून गेल्या तीन आठवड्यांत त्यांपैकी २२ मेल्या आहेत. आजारी पक्षी आधी लंगडतो, मग एक पाय पुढे आणि एक मागे ताणून पडून राहतो. दाण्याकडे पाहतो, पण तिथवर पोचत नाही, आणि वाळत जातो. दोघींच्या डोळ्यांचा रंगीत भाग राखाडी झाला आहे. पशुवैद्यकांनी शवविच्छेदन केले तेव्हा यकृतावर पांढुरक्या गाठी होत्या आणि एका मांडीतली नस दुसरीच्या जवळजवळ दुप्पट जाड होती. मरेक्स आणि लिम्फॉइड ल्युकोसिस हे दोन्ही कोंबड्यांत गाठी करणारे विषाणूजन्य आजार; पण ल्युकोसिस सहसा १६ आठवड्यांनंतर दिसतो व त्यात नसा जाड होत नाहीत, म्हणून त्यांचा कल मरेक्सकडे आहे.

पिल्ले देणाऱ्याने पहिल्याच दिवशी मानेत मरेक्सची लस टोचल्याचे सांगितले होते. त्याची नोंद मात्र मी मागितली नाही, ही चूक माझीच. शिवाय जुन्या कोंबड्यांच्या शेजारी, जुन्याच तुसावर पिल्ले सोडली. मरेक्सचा विषाणू पिसांच्या कोंड्यातून पसरतो आणि धुळीत महिनोन्महिने टिकतो, हे उशिरा कळले.

आता लस देऊन उपयोग नाही, हे मला ठाऊक आहे. निदान पक्के करण्यासाठी प्रयोगशाळेत नस आणि यकृताचे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये पाठवणे पुरेसे आहे का? उरलेल्या तलंगा अंड्यावर येईपर्यंत ठेवाव्यात की आताच विकाव्यात? आणि माझ्या शेडची जमीन मातीची असल्याने, तूस काढल्यावर ती निर्जंतुक कशी करावी व पुढची पिल्ले आणण्यापूर्वी किती दिवस रिकामी ठेवावी, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.