टीव्हीवरची कुठली जाहिरात आक्षेपार्ह म्हणायची?

ऐरोलीची_आई:
रात्री जेवताना आमच्याकडे टीव्ही चालूच असतो. सॅनिटरी पॅडची जाहिरात लागली की सासूबाई लगेच रिमोट शोधायला लागतात, पण परवा एका क्रीमच्या जाहिरातीत सावळी मुलगी तोंड पाडून बसलेली आणि क्रीम लावल्यावर एकदम सगळे तिच्याकडे बघायला लागले, तर त्यावर घरात कोणी हूं की चूं केलं नाही. माझी पाचवीतली लेक मात्र हातात चपातीचा तुकडा धरून स्वतःचा दंड उलटसुलट करून बघत होती. माझं तर जेवणातून मनच उडालं. अशा जाहिरातीची तक्रार कुठे करतात? कोणी ऐकतं का?

कोपरीकर:
ताई, करता येते. आस्की म्हणून जाहिरातवाल्यांचीच संस्था आहे, 1985 पासूनची, मुंबईतच. ऑनलाइन तक्रार घेतात, पैसे लागत नाहीत. आणि 2014 पासून त्यांचा स्पष्ट नियम आहे की रंग सावळा म्हणून मुलगी दुःखी किंवा तिला नोकरी नाही, लग्न जमत नाही असं दाखवायचं नाही. केबल टीव्हीच्या सरकारी नियमांतही आस्कीची संहिता मोडणारी जाहिरात दाखवायला बंदी आहे, त्यामुळे नुसती खासगी संस्था म्हणून सोडून देऊ नका. चॅनल, तारीख, वेळ लिहून ठेवा, जमलं तर मोबाईलवर शूट करा.

वाशी_सेक्टर९:
ऐकतात हो. जून 2022 मध्ये लेअर शॉटच्या बॉडी स्प्रेची जाहिरात आलेली, चार पोरं आणि एकटी मुलगी, बलात्काराची भीती वाटेल असा सीन. लोक इतके भडकले की आस्कीने ती थांबवायला सांगितली आणि केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने यूट्यूब ट्विटरवरूनही काढायला लावली. पण पॅडच्या जाहिरातीला लाजणं मला अजिबात पटत नाही. 2017 ला सरकारने कंडोमच्या जाहिराती सकाळी 6 ते रात्री 10 दाखवू नका म्हणून चॅनलना कळवलं, नंतर म्हणाले फक्त भडक असतील त्याच. आरोग्याची गोष्ट लपवायची आणि पोरीच्या रंगावर धंदा चालू द्यायचा, हे उलटं आहे.

कळव्याचा_दादा:
जाहिरातवाले हे आपल्याकडूनच उचलतात ना. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कचऱ्यावरून भांडण झालं की कोणीतरी जातीचं नाव शिवीसारखं टाकतो आणि खाली चार जण हसायचे इमोजी, त्यात शिकलेसवरलेले लोक. राज्य सरकारने डिसेंबर 2020 मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं, अनुसूचित जातीच्या माणसाला चारचौघांत जातीवरून शिवी दिली तर अॅट्रॉसिटीचा गुन्हा आहे, तरी जिभेला वळण नाही. मी ग्रुपवर लिहितो, डिलीट करा. राग येतो लोकांना, येऊ दे. तुमच्या घरी लेकीला कोणी काळुंद्री वगैरे म्हणतं का ते पण बघा.

ऐरोलीची_आई:
म्हणतात, आत्या लाडाने म्हणते. आज फोन करून सांगते तिला. तक्रार पण टाकते, मराठीत लिहिली तर चालेल का?